भूकंपरोधक खोली आणि माझी खाट

४ जून २००१, लातूर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी. आमच्या कम्युनिटी कॉलेजात जुलैपासून नवा कोर्स : 'आपत्ती-सज्ज बांधकाम कारागीर'. भूकंपात टिकणारी भिंत, उन्हात न तापणारं छप्पर, दुष्काळात पुरणारं छतावरचं पाणी. कल्पना माझी, शिकवणारही मीच. संस्थेचे अध्यक्ष ईश्वरप्पा म्हणाले, मार्तंड सर, महिनाअखेर धा पोरं आणा, न्हाईतर वर्ग कोचिंगवाल्यांना देऊन टाकतो. दहा? शंभर येतील. बाकांचं काय करायचं, ही खरी चिंता.

९ जून
मैदानात नमुन्याची खोली तयार. कोपऱ्यांत सळया, भिंतीत काँक्रीटचे पट्टे, छतावर पांढरा चुना, मागे पावसाच्या पाण्याची टाकी. सगळं लातूर हललं तरी ही हलणार नाही.
इंदू म्हणाली, आपल्या घरालाही गेल्या वर्षी तुम्हीच पट्टे मारलेत, मग आता तरी आत झोपा. बायकोला तांत्रिक गोष्टी कोण समजावणार? अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हवेसाठी झोपतो. त्र्याण्णवच्या भूकंपापासून झोपतोय, हा योगायोग.

१४ जून, दुपार
चौकशीला गर्दी! एक वडील उमरीहून, दोघे धर्माबादहून. तिघांनी भिंती ठोकून पाहिल्या, खूश झाले. मग विचारलं, बारावीच्या पोराला भाड्यानं मिळंल का, कोचिंग जवळ पडतंय. कोर्सच्या माहितीपत्रकाने एकजण वारा घेत होता. म्हणजे फेकलं नाही. चांगलं लक्षण.

१९ जून
निलंग्याकडच्या शांतम्मा आल्या, सोबत मुलगा श्रीशैल. भूकंपात त्यांची सासू घराखाली गेली. पोराला डॉक्टर व्हायचं नाही, घरं बांधायचीत. गावातली आणखी पोरंही तयार आहेत, दहाच्या वर. मी नमुन्याच्या खोलीत दोन तास पट्टे समजावले. शांतम्मांनी शेवटी एकच विचारलं, सर, तुमी सोता झोपता का हितं? तुमी एक रात झोपा, मी समदी पोरं घेऊन येते.
हाव म्हणालो. त्यात काय!

२० जून
खाट दारातून जाईना. दाराचं माप बरोबर आहे. खाटच चुकीची.

२२ जून
खाली अंथरून झोपा, इंदू म्हणाली. तिने तिथल्या मुंग्या पाहिलेल्या नाहीत. मीही नाही, पण असणार.

२५ जून, सकाळ
झोपलो! निदान आडवा झालो. मग रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला आणि खोली बाहेरून कशी दिसते ते पाहावं म्हणून मी निघालो. उशी घेऊन, पळत. लिंबाखाली डोळा लागला. उठलो तर पहिल्या एसटीने आलेल्या शांतम्मा समोर उभ्या.
रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मी बी भाईरच झोपते सर, म्हनून तर इचारलं.
भीती वाटली. लई वाटली. पण ट्रकही फार मोठा होता.

३० जून
पोरं आली नाहीत, ईश्वरप्पांनी मुदतीआधीच वर्ग देऊन टाकला. कोर्स यंदा स्थगित. यंदाच. वर्गात आता कोचिंगची टेस्ट सिरीज चालते, सगळे बाक भरलेत. बाकांचा माझा अंदाज बरोबर होता. शांतम्मांनी श्रीशैललाही कोचिंगला घातलं आणि राहायला नमुन्याचीच खोली भाड्यानं घेतली. पोरगा म्हणतो, सर, लई गाढ झोप लागून राहिली. लागणारच, बांधलीय कोणी?

२ जुलै, संध्याकाळ
घरी आलो तर माझ्या शेडमध्ये दोन अनोळखी पोरं जीवशास्त्र घोकत बसलेली. इंदूने शेड कोचिंगच्या पोरांना भाड्यानं दिली. न विचारता! माझी गादी आतल्या खोलीत, तिच्या गादीशेजारी.
मी खूप बोललो. हवा, आरोग्य, पत्र्याचे फायदे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आठ वर्षं होत आली, मला काय आत भीती वाटत नाही? पण घरात कुणीतरी हवं ना.
आज आत झोपणार आहे. दारापाशी, उंबऱ्याला डोकं लावून. इंदूला सोबत म्हणून.