हाताला लागलेलं वळण

१४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! सामान अजून गाडीतच आहे, पण आधी हे लिहून घेते. ओसरीवर बसले आणि मला भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आला. म्हणजे नाक पुन्हा कामाला लागलं. गुरुग्रामच्या धुरात दिवाळीपासून ते बंदच पडलं होतं.

फरीदाबाद मागे टाकलं की अरावलीच्या कडेने कच्चा रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना नुसते कीकर, म्हणजे बाभळी, आणि मग अचानक एक लाकडी फाटक. आत भालचंद्रकाका आणि सुनीतीकाकू उभे होते, जणू सकाळपासून आमचीच वाट बघत असावेत. काका पूर्वी कारखान्यात इंजिनीअर होते, काकू शाळेत शिकवायच्या. वीसेक वर्षांपूर्वी दोघं इथे आले. तेव्हापासून म्हणे मिठाखेरीज काही विकत आणलेलं नाही. तेल, साबण, कापड, विटा, मध, सगळं घरचं. आता वय झालंय, कुणीतरी शिकून घ्या, असं त्यांनी कुणाकडून तरी एका ग्रुपवर लिहवून घेतलं होतं, ते हेरंबने वाचलं. नवऱ्याला इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

हेरंबने नोकरी सोडलीय. मी बिनपगारी रजा घेतलीय, मागे फिरायची वाट असू दे म्हणून. कादंबरीला, माझ्या बहिणीला, फोन केला तर ती करोल बागेच्या बाजारात उभी राहून खो खो हसत होती. म्हणाली, ताई, तू बकरीचं दूध काढणार? तुला दुधाची पिशवी नीट कापता येत नाही यार! आई-बाबा गेल्यावर माहेर म्हणून मला ही धाकटी बहीणच उरलीय, म्हणून ऐकून घेतलं.

२० नोव्हेंबर

अंग ठणकतंय आणि मजा येतेय. बकरीच्या सडाची वरची बाजू अंगठा आणि पहिल्या बोटात बंद करायची, मग एकेक बोट मिटत खाली यायचं. नुसतं ओढायचं नाही. पहिले काही दिवस मी बकरीच्या लाथाच खाल्ल्या. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं, आणि आज एकदम जमलं. भांड्यात धार वाजली तेव्हा मी ओरडलेच.

शब्दसुद्धा शिकतेय. दिल्लीत वाढलेली मी, बकरीच्या गळ्यातल्या दोरीला रस्सी म्हणत होते. काकू म्हणाल्या, दावं म्हण. जात्याला खुंटा असतो, ताकाला रवी लागते. माझी आजी बोलायची हे शब्द, मला ते फक्त ऐकू यायचे.

हेरंब काकांबरोबर असतो. मातीत भुसा कालवून विटा पाडणं, विळ्याला धार लावणं, धूर करून मधमाश्या बाजूला सारणं. संध्याकाळी तो हात माझ्यापुढे धरतो, घट्टे दाखवायला.

२८ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. सकाळी मी गोठ्यात गेले तर काकू बकरीपाशी बसल्या होत्या, हात मांडीवर. मला म्हणाल्या, हे सुरू कसं करतात गं? मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. त्यांनी सड धरला तो मुठीत, लहान मूल धरेल तसा. बकरीने लाथ मारली. मग मीच बसले आणि दूध काढलं.

काकू चिडल्या नाहीत. त्यांनी माझा हात घेतला आणि सोनं पारखतात तसा उलटसुलट करून पाहिला. मग डोळे पुसले. म्हातारपण, दुसरं काय. विसरायला होत असेल.

५ डिसेंबर

म्हातारपण नाही.

काकांना आज सरपण फोडायचं होतं. त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि तिच्याकडे बघत राहिले, धरायची कुठे हेच कळेना. मग पात्याकडून धरली. हेरंबने धावत जाऊन काढून घेतली आणि बघता बघता ओंडक्याच्या ढलप्या केल्या. त्याला काल-परवाच शिकवलं होतं. मी काकांच्या तोंडाकडे पाहत होते. ते हसत होते. शाळा सुटल्यावर मुलं हसतात तसं.

आणि आणखी एक. मी स्वस्थ बसूच शकत नाही. जेवताना डावा हात ताटाशेजारी सारखा मिटतो, उघडतो, करंगळीपर्यंत एकेक बोट. हेरंब झोपेत जातं ओढतो. सांगितलं तर म्हणाला, अगं सवय लागतेय हाताला, अच्छा है ना.

काकूंनी हिरडे उकळून, त्यात गंजलेले खिळे टाकून शाई करायला शिकवलं, सरकंड्याची पोकळ काडी तासून बोरूही करून घेतला. हे बोरूनेच लिहितेय. पेन सकाळपासून बोटांत टिकत नाहीये, गळून पडतं.

११ डिसेंबर

आज कादंबरीकडे जेवायला निघालो होतो. तिने खास बासुंदी केली होती.

फाटकाबाहेर गाडी आली आणि हेरंबचे हात स्टिअरिंगवरून उठले. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं, चेहरा पांढराफटक. हात हवेत गोल फिरत होते, जात्याचा खुंटा धरल्यासारखे. तो रडवेला होऊन म्हणत होता, क्षिप्रा, माझं ऐकत नाहीत, हे माझं ऐकत नाहीत. मी स्टिअरिंग धरायला गेले. माझी बोटं त्यावर एकेक करून मिटली, उघडली, मिटली. गाडी चरात गेली. लागलं नाही कुणाला.

चालत पुढे जाऊ म्हटलं. जसजसं पुढे जावं तसे हात जास्तच पेटले, खांद्यातून निखळतील असे. चालणं जमेना. परत वळलो. फाटकाच्या आत पाय पडला आणि हात शांत झाले. काका-काकू ओसरीवर बसून पाहत होते.

१२ डिसेंबर

कादंबरीचा फोन आला. माझी बोटं काचेवर नुसतीच घसरत होती, शेवटी काकूंनी फोन उचलून माझ्या कानाला धरला. मी रडले. म्हटलं, ये गं, मला घेऊन जा. ती म्हणाली, रविवारी येते ताई, बिल्कुल घाबरू नकोस, मी आहे ना.

फोन ठेवताना काकू प्रेमाने म्हणाल्या, येऊ दे हो. बहीण शिकायला चांगली असते.

मला काही अर्थ कळला नाही.

१३ डिसेंबर

काका गेले. म्हणजे वारले नाहीत. हेरंबला घाण्यावर तेल काढायचं तेवढं शिकायचं राहिलं होतं, ते काल पुरं झालं. आज सकाळी काका उठले, फाटकापाशी गेले, एक पाय बाहेर टाकून बघितला, मग दुसरा. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, गप्प. मग ते रस्त्याने चालू लागले. काकूंकडे वळूनही बघितलं नाही.

काकूंनी मग सगळं सांगितलं. त्यांना दिनकर नावाच्या माणसाने शिकवलं होतं. काका-काकूंनी तर तेव्हा नुसती चार दिवसांची सुटी काढली होती. इथलं काम ज्याच्या हाताला वळण लावतं, त्याचे हात इथले होतात. दुसऱ्या कुणाला शिकवलं तरच सुटतात. दिनकर असाच चालत गेला होता, हसत. काकू म्हणाल्या, तुम्ही येण्याआधी किती जणांना आम्ही फाटकातूनच परत पाठवलं, तुला काय माहीत. वर्षानुवर्षं पाठवलं. मग नाही गं धीर राहिला.

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. बोलताना माझे हात लोणी काढत होते.

१४ डिसेंबर

कादंबरीला थांबवायला हवं. काकूंना फोन लावा म्हणून विनवलं, पाया पडले. नाही म्हणाल्या. फोनला तोंडीच ‘कादंबरीला लाव’ म्हणून बघितलं, पण बॅटरी संपून तो बंद पडलाय, आणि चार्जरची पिन माझ्या बोटांत राहत नाही. हेरंबच्याही नाही. आम्ही दोघं शिकलेली माणसं त्या पिनेसमोर बसून रडलो.

हेरंब म्हणतो, येऊ दे तिला. तू तरी सूट.

मी त्याच्याशी बोललेली नाही. पण माझ्या मनात तेच आलं होतं, त्याच्या आधी. हे लिहून ठेवते.

१५ डिसेंबर

आली.

फाटकाबाहेरच अडवलं. सगळं सांगितलं, एका दमात. म्हटलं, आत येऊ नकोस, कशाला हात लावू नकोस, मला काही विचारू नकोस, जा. तिने माझे हात तिच्या हातात धरले. ते तिच्या हातातही चालूच होते. ती रडायला लागली. म्हणाली, ताई, तू आजारी आहेस, हिंदूराव हॉस्पिटलात ओळखीचे डॉक्टर आहेत माझ्या, उद्या दाखवू. मी ओरडले. ढकललं तिला. ती बाजूने आत आली.

आत आली ती.

दुपार

ऐकत नाही. तुला घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणते. काकूंनी तिला जेवायला वाढलं. काकूंचे हात आता अगदी रिकामे, भाकरीसुद्धा थापता येत नाही त्यांना, पण चेहरा — एवढ्या सुंदर दिसत होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, मी निघते. मग गेल्या.

म्हणजे आता सगळं माझ्याकडे आहे.

संध्याकाळ होत आलीय. दिवाबत्तीची वेळ. वाती वळायच्यात, कापसाची टोपली समोर. हात तिकडे ओढ घेतायत म्हणून बोरू धरलाय. लिहीत राहिले तर हात गुंतून राहतील. लिहीत राहायचं, बस. हेरंब, गाडी ढकलून रस्त्यावर आण. तिला बसव. तिला —

तो घाण्यावर आहे. त्याला ऐकू येत नाही.

कादंबरी शेजारी येऊन बसलीय. म्हणते, चलो, मी मदत करते, काम लवकर संपेल, मग निघू. कापूस उचललाय तिने. ठेव म्हटलं. ठेव गं. हसतेय. म्हणते, आई करायची ना हे, मला कधी जमलंच नाही, कसं करतात ताई?

सांगणार नाही. दात आवळून बसलेय. तोंडातून एक शब्द —

ती माझ्या खांद्यावरून बघतेय. वाचू नकोस. कादू, वाचू नकोस, मी थांबतेय, हात थांबत — आधी बोटांना राख लावायची, चिमूटभरच, मग कापूस असा हलका ओढायचा, तुटू द्यायचा नाही, आणि दोन बोटांत पीळ देत —