राष्ट्र, श्रद्धा आणि हात

१ जुलै १९७२, पेण
रोह्याच्या वाचनालयाचं काम मिळालं. स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं. पंधरा ऑगस्टला चित्र भिंतीवर हवं. विषय माझाच: राष्ट्र आणि श्रद्धा यांचं अतूट नातं. शाळेत पोरांना आंबा-कळशी काढायला शिकवून हात आखडला होता. आता खरी कला. पंधरवड्यात संपवणार.

४ जुलै
राष्ट्र सापडलं. कान्हू. मिठागरावर असतो; पावसात काम बंद, म्हणून मोकळा. खांदे फर्स्टक्लास. श्रद्धा म्हणून धाकटी बहीण शांती. घरातलीच; घरी आम्ही दोघंच. दोघांनी हातात हात घेऊन बसायचं. शांती आधी नाहीच म्हणाली. म्हटलं, देशासाठी. बसली.

९ जुलै
चेहरे झाले. हात जमत नाहीत. खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली. दोष मॉडेल्सचा. बोटं फार ताठ. सांगितलं, जरा आपलेपणा आणा.

१५ जुलै
आपलेपणा येतोय! सूचना नेमकी लागू पडली. कान्हूला विचारलं, हात दुखला का. म्हणाला, "नाय गुरुजी, बसतो आजून." कष्टाळू माणूस.

२३ जुलै
शांती म्हणाली, "दादा, मला बोलायचंय." म्हटलं, चित्रानंतर. तिचं सगळं मी ठरवलंच आहे. महाडचे वकील. बिजवर, पण घरी टेलिफोन. ती नाही म्हणणार नाही. स्वभावच गरीब.

३० जुलै
शेजारच्या इंदुबाई म्हणाल्या, "भाऊ, त्या दोघांकडे जरा बघा." म्हटलं, दिवसभर दुसरं काय करतो?

६ ऑगस्ट
वाचनालयाचे सेक्रेटरी आले. हातांच्या जागी हा धूर कसला, म्हणाले. म्हटलं, गूढता. हसले नाहीत. विषय बदलावा म्हणून सांगून टाकलं, पुढच्या रविवारी वकील शांतीला बघायला येताहेत. शांतीच्या हातून कपबशी पडली. कान्हू न विचारता उठून गेला. शिस्त नाही.

८ ऑगस्ट
दोघंही बसायला आली नाहीत. इंदुबाई सांगतात, सकाळच्या एसटीनं रोह्याला गेली, देवळात लग्न लावणार. खोटं असणार. शांती मला विचारल्याशिवाय भाजीसुद्धा निवडत नाही.
संध्याकाळी वकिलांना तार केली: प्रकृती बरी नाही. कुणाची, ते लिहिलं नाही.

१४ ऑगस्ट, रोहा
सेक्रेटरींनी चित्र परत केलं. भिंतीवर भारताचा नकाशा लावलाय.
तिथून तडक शांतीकडे, इंदुबाईंनी दिलेल्या पत्त्यावर. एकच खोली. कान्हूला इथल्या कंपनीत काम मिळालंय; पहिल्या शिफ्टला गेलेला. काय काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "मी सांगायला येत होते, दादा. तू कागदावरून मान वर केली नाहीस."
पाठ केलेलं आठवेना.
मग म्हणाली, "जेवलास?"
दोनदा भात घेतला. निघताना विचारून घेतलं, भातात पाणी किती घालायचं.