अंगातून गेलेला प्रकाश

गुरुजी, मंगळवारी सकाळी मी मुलीशी खोटं बोलून घराबाहेर पडलो. वागळे इस्टेटला कामावर जातो म्हणालो आणि ठाण्यातच स्कॅनला गेलो. पोटातली गाठ किती पसरली आहे ते बघायचं होतं. मुलगी बाळंतपणासाठी डोंबिवलीला आमच्याकडे आली आहे, सातवा महिना. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी बायकोकडून देवासमोर कबूल करून घेतलं होतं.

सुई टोचणारी पोर माझ्या मुलीच्याच वयाची. म्हणाली, "काका, घरी लहान बाळ, प्रेग्नंट कोणी?" मी सांगितलं. "मग आज तिच्यापासून लांब राहा हां, या औषधाची किरणं अंगात असतात. उद्या काही नाही." औषध नक्की काय करतं, असं विचारलं, तर म्हणाली, त्यातून एक कण निघतो, आपल्याच शरीरातल्या एका इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही संपतात, त्यांचा प्रकाश होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मशीनला दिसतो. उलटही घडतं म्हणे, तसल्या प्रकाशातून कण तयार होतात. "म्हणजे माझ्यातलं काहीतरी प्रकाश होऊन जाणार?" "अगदी एवढंसं, काका. पोट कमी नाही होणार त्याने."

मग तासभर अंधाऱ्या खोलीत पडून होतो. नाम घेता घेता तुमचा सातवीचा वर्ग आठवला. तुम्ही पत्र्याच्या तुकड्यावर कापूर जाळता आहात. कापूर गेला कुठे, विचारता. मी उठून म्हणतो, देवाकडे. "देवाला राहू दे बाजूला. हवेत गेला. पदार्थ नष्ट होत नाही, लिही." तुमचं वाक्य चुकलं नव्हतं गुरुजी, पण पुरं नव्हतं. पदार्थही जातो, त्याचा प्रकाश होतो, आणि दोन्ही मिळून धरलं तर काहीच कमी होत नाही. त्या वर्षी तुम्ही टेबलाची कड धरून हळूहळू खुर्चीत बसायचात. मी त्याची नक्कल करायचो, वर्ग हसायचा. एकदा तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुमच्या जागी दुसरे गुरुजी आले, तेव्हा कळलं की तुम्ही सुट्टीतच गेलात आणि त्याआधी वर्षभर दुखणं अंगावर काढत होता.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी चहा घेऊन आली. मी गॅलरीत सरकलो, कप तिथेच ठेव म्हणालो. "काय बाबा, चालताना माझ्यामागे राहता, आता बसतानाही लांब? म्हातारे झालात की रुसलात?" आणि हसली. मला तो वर्ग ऐकू आला. हे हसू तिला पुढे आठवेल, तेव्हा कदाचित मी नसेन.

बुधवारी पूजा आटोपून तिला समोर बसवलं आणि गाठीपासून स्कॅनपर्यंत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला ठाऊक होतं?" मी हो म्हणालो. "म्हणजे मी एकटीच हसत होते." ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

हे वहीतच राहणार, म्हणून लिहितो. तुला नंतर वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, असं मी तिला म्हणालो. खरं तर गुरुजी, तुम्ही वर्षभर एकट्याने सोसलंत, तसं मला एक दिवसही जमलं नाही.