भरतीच्या आधी पाचशे लिटर

प्रिय चेट्टा, माझ्या थोरल्या दादा,

फोनवर आपण पावसाबद्दल बोलतो, तुझ्या गुडघ्याबद्दल बोलतो, तिकडे परदेशात सलालातल्या नारळांना आपल्या बेटावरच्या नारळांची चव नाही हेही दर वेळी बोलतो. एक गोष्ट तेवढी दोघंही टाळतो. ती फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझं पाण्याच्या जोरदार धारेने धुण्याचं प्रेशर मशीन अजून ठणठणीत आहे. नवऱ्याच्या, प्रसन्ननच्या आजारपणात घर चालवायला मी ते शेडमधून बाहेर काढलं, तेव्हा तू फक्त ‘सांभाळून’ म्हणालास. आता मागे पाचशे लिटरची टाकी बांधलेला छोटा टेम्पो घेऊन मी बेटभर फिरते. अंगणातलं शेवाळ, कौलं, होड्यांचे तळ, जे सांगतील ते धुते. हातात धार सोडायची गन असते म्हणून कुंजम्मा मावशी मला ‘बंदूकवाली ओमना’ म्हणते. इंजिन चालवायला लागले की अजूनही तू शिकवलेलं सगळं मनात म्हणते. टाकी पंपाहून उंच हवी. जाळी रोज धुवायची. पंपाला कोरडा फिरू द्यायचा नाही. आणि चौथं, जे तू वेगळं शिकवलं नाहीस, कारण ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

गेल्या मंगळवारी मी देवळाचं अंगण धुवायला नुकती सुरुवात केली होती. तेवढ्यात कुंजम्मा मावशी धापा टाकत आली. कोळंबीच्या तळ्याच्या उघाडीबाहेर, पाणी सोडायच्या दाराशी, सुगतन गाळात रुतला होता. दाराला अडकलेली फळी काढायला ओहोटीत उतरला आणि मांड्यांपर्यंत आत गेला. चौघांनी दोर लावून ओढलं तर तो असा ओरडला, की त्यांनी दोर सोडून दिले. आपला गाळ तुला ठाऊक आहे, पाय धरला की सोडत नाही. अग्निशमनवाले पलीकडच्या काठावर फेरीबोटीची वाट पाहत होते आणि भरती सुरू झाली होती.

गाळात पायाच्या कडेने पाणी सोडलं की पकड सुटते, हे मला गाळात रुतलेलं होडीचं वल्हं काढताना कळलं होतं. टेम्पो बांधावर नेला, कुंजम्मा मावशीला इंजिनपाशी उभं केलं, गाळावर फळ्या टाकल्या, लांब पाइप ओढत त्याच्यापर्यंत गेले. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. माझ्या हातातली गन पाहिली आणि तो पांढराफटक पडला. “ते नको, ओमने. तुझ्या भावाने दोन बोटं नेली, आता पाय नेशील.” आणि डावा हात वर करून त्याने मला ती नसलेली बोटं दाखवली. काठावर सगळं गाव उभं होतं.

मी म्हटलं, “साबणाचं नोझल लावते, जोर नसतो त्याला.” मी फळीवर पालथी झाले, उजवा हात खांद्यापर्यंत गाळात घातला आणि त्याच्या पोटरीला तळवा लावून ठेवला, धार सरकलीच तर आधी मला लागावी म्हणून. डाव्या हाताने नळी खाली सारली. वरचा गाळ सुटायला लागला. डावा पाय हलला. उजवा मात्र घोट्याशी निळ्या चिकणमातीत बसला होता, तिथे साबणाची धार पोचेना. तेवढ्यात आवाज बदलला. टाकी संपत आली होती. मी ओरडले, कुंजम्मा मावशीने इंजिन बंद केलं.

खाडीचं पाणी टाकीत घालता येत नव्हतं, गाळाने पंप जागीच बसला असता. बायका घराघरांतून हंडे-कळशा घेऊन धावत होत्या. लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळत टाकीत ओतत होत्या. पाणी त्याच्या छातीशी आलं. मी जोराचं, रुंद धारेचं नोझल लावत होते. गन त्याच्या पायाकडे होती, इंजिन थांबलेलं होतं, टाकी भरत होती. चेट्टा, नऊ वर्षांपूर्वी, त्याची बोटं गेली त्या दिवशी, हेच सगळं असंच होतं ना? वर मावशीने इंजिन चालू करायच्या दोरीला हात घातला. मी इतक्या जोरात किंचाळले, की ती मागे पडली. धार सुटू नये म्हणून गनचा कुलपाचा खटका लावला आणि तोंड आकाशाकडे केलं.

सुगतन म्हणाला, “काय झालं?”

मी म्हणाले, “सुगतन, त्या दिवशी इंजिन चेट्टाने चालू केलं नव्हतं. तो पेट्रोल आणायला गेला होता. तू पाठ करून नोझलमधला खडा बोटांनी काढत होतास. टाकी मी भरली, आणि न बघता, न विचारता दोरीही मीच ओढली. तो धावत आला आणि सगळ्यांना म्हणाला, मी ओढली. माझं लग्न बारा दिवसांवर होतं.”

लाट आली, त्याच्या हनुवटीला लागून गेली. “आत्ता सांगतेस?” तो म्हणाला. “पळून जायचीसुद्धा सोय नाही मला.” मग गनकडे बघत, “खटका लावलास?”

“लावला.”

“परत बघ.”

मी परत पाहिलं, त्यालाही दाखवलं. त्यानेच मान वर करून हाक दिली, “कुंजम्मे, ओढ!”

पुढची सहा-सात मिनिटं मला नीट आठवत नाहीत. तळव्याखाली त्याचा घोटा होता, बोटांना धार चाटून जात होती, आणि त्याने नाक वर धरलं होतं. मग माती एकदम सैल झाली. दोरवाल्यांनी ओढलं. तो बांधावर आला तेव्हा लुंगी गाळातच राहिली होती. कुंजम्मा मावशी म्हणाली, “अरे, आधी अंगावर काहीतरी घ्या रे त्याच्या, बायका आहेत इथे!” आणि सगळं गाव हसत हसत रडलं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सोलली आहेत. डॉक्टर म्हणतात, जखम भरेल.

काठावरच्या लोकांनी आमचं बोलणं ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. म्हणून शुक्रवारी रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत मी ते पुन्हा सांगितलं, मोठ्याने. प्रसन्ननला त्याच्या आदल्या रात्रीच सांगितलं होतं, तो अजून फारसं बोलत नाही. शनिवारी सुगतन आला, पायरीवरच बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, “तुला माफ केलं की नाही, ते मला अजून माहीत नाही. पण तुझ्या भावाला, पुष्पांगदनला लिही. माझ्या आईने नऊ वर्षं भलत्याच माणसाला शाप दिले.”

म्हणून हे पत्र, चेट्टा. तू माझ्याकडून शब्द घेतला होतास, तो मी मोडला. तुला राग येईल. तू जे माझ्यासाठी केलंस ते मी एका दुपारी उधळून टाकलं, असं वाटेल. पण अम्मेच्या चितेला अग्नी द्यायलासुद्धा तू आला नाहीस, कारण या गावात सुगतनच्या घरासमोरून जायला तुला जमलं नसतं. आता त्या घरासमोरून मान खाली घालून जायचं ते मी जाईन. तू ये. ओणमला ये, नाहीतर त्याच्याही आधी. विमानतळावर मी टेम्पो घेऊन उभी राहीन, टाकी उतरवून ठेवीन म्हणजे तुझ्या पेट्या मावतील.

तुझीच, उशिरा खरं बोललेली,
ओमना