समुद्रफुलाचं दुसरं तोंड

३ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण, तुझ्या भुवया. हसू नकोस! मला त्यातले दहा-बारा केस हवेत. लांब, ताठ आणि टोकाला निमुळते. मी सध्या टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान गर्भ कापतेय. त्याला पोलादी सुरी लावली की तो फाटतो, पण भुवईचा केस काडीला चिकटवला की झकास सुरी होते. घरातली भुवयांची सगळी इस्टेट तू एकट्याने लाटलीस, आईच्याच वाट्याला काही आलं नाही, तर माझ्या कुठून येणार?

काम काय ते सांगते. समुद्रफूल दिसतं फूल, पण असतो प्राणी. त्याला एकच भोक. खायलाही तेच आणि उरलंसुरलं टाकायलाही तेच. गर्भ वाढताना त्याच्या एका टोकाला खळगा पडतो, तिथे पुढे तोंड होतं. त्या खळग्याच्या काठाचा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या कुशीत बसवला, तर तिथे दुसरं तोंड उगवेल का? बेडकात असा तुकडा बसवला की दुसरं शरीरच घडायला लागतं. समुद्रफुलातही तसंच निघालं, तर शरीर घडवायची ही युक्ती आपली आणि त्याची वाट वेगळी होण्याच्याही आधीची म्हणायची, साठ कोटी वर्षांपूर्वीची! अंगावर काटा येतो रे मामा.

पुढे पैसे द्यायचे की नाही ते ठरवणारी समिती एकोणतीस तारखेला येतेय. तोवर हाती काही लागलं नाही तर आमची प्रयोगाची खोली बंद आणि मी घरी. तेव्हा केस लवकर धाड. मामीला नमस्कार.

तुझीच,
भिंगरी

७ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सोबत चौदा केस, मेणकागदाच्या घडीत. मामीने चिमट्याने उपटले आणि केसागणिक माझं एकेक जुनं पाप काढलं. तिची यादी संपली नव्हती, मीच हात जोडले.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्यातलं एक ऐक. बारीक काम बोटांनी होत नाही, कोपरांनी होतं. दोन्ही कोपरं टेबलावर टेक, करंगळीला करंगळी लाव, आणि श्वास सोडून झाला की पुढचा घ्यायच्या आत कापून मोकळी हो. टेबल छातीला लागेल इतकं उंच हवं. तुमचं बुटकं असणार, खाली विटा घाल.

घरी यायचंच झालं तर ये, घर तुझंच आहे. पण हरून येऊ नकोस.

तुझा मामा

१६ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. घाईत!

आलं! दुसरं तोंड आलं! टेबलाखाली विटा घातल्या, तुझे केस वापरले, श्वास सोडून कापलं. चाळीस गर्भांतले एकतीस मेले, तिघांत काही उगवलं नाही, आणि सहांच्या कुशीतून दुसरं तोंड निघालं, भोवती इवल्या इवल्या सोंडांसकट. खळग्याऐवजी दुसरीकडचा तुकडा बसवून पाहिला, तर काहीच नाही. म्हणजे करामत त्या काठाचीच!

आमच्या खोलीच्या प्रमुख बाई एरवी हसायचेही पैसे पडतात अशा वागतात. आज त्यांनी मला मिठी मारली. मी जिन्यावरून उड्या मारत खाली गेले आणि खाली कशाला आले तेच विसरले.

तुझीच, हवेतली,
भिंगरी

१८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आणि शाबासकी.

आनंदाने दोन घास जास्त गेले. मामीने शेजारणीला सांगितलंय की भाचीने दोन तोंडांचा साप तयार केला. मी मध्ये पडलो नाही.

एक शंका आहे. ते दुसरं तोंड कोणाचं गं? तू बसवलेला तुकडाच वाढून तोंड झाला, की त्याने शेजारपाजाऱ्यांना कामाला लावून ते करवून घेतलं? पहिलं असेल तर ते नुसतं कलम झालं. फांदी लावली, फांदी वाढली, त्यात नवल ते काय? मी घड्याळात नवं चक्र बसवलं की त्यावर सुईने खूण करायचो. घड्याळ परत आलं की माझं कोणतं आणि मूळचं कोणतं ते कळायचं. तू तुकड्यावर खूण केली होतीस ना?

अडाण्याचा प्रश्न आहे. चुकला असेल तर सोडून दे.

तुझा मामा

२० सप्टेंबर

ती. मामास,
सा. न.

दोन तास तुझ्यावर धुमसत होते. कारण खूण केली नव्हती! रंगवलेला तुकडा पटकन मरतो, म्हणून रंगाचं नंतर बघू म्हटलं, आणि आनंदाच्या भरात विसरलेच.

बाई म्हणाल्या की सहा पिल्लं दाखव आणि गप्प बस, समितीला तेवढं पुरे. खरंच पुरेल. उलट लाल रंगवलेला तुकडा बसवून पाहिला आणि तोंड सगळं लालच निघालं, तर मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी आज सकाळी सुरू केलं. अठ्ठावीसला कळेल. जे निघेल तेच समितीपुढे ठेवणार, असं बाईंना सांगून टाकलंय. मान तुझी, सुरीही तुझीच, असं म्हणून त्या निघून गेल्या.

मामा, भीती वाटतेय आणि मजाही येतेय.

तुझीच,
भिंगरी

२९ सप्टेंबर

मामा! मामा! मामा!

नमस्कार नंतर. तिघंच जगली, पण तिघांचं एकच म्हणणं! लाल ठिपका फक्त तोंडाच्या काठाशी. बाकी घसा, सोंडा, सगळं बिनरंगी, म्हणजे मूळच्या घरच्यांनीच केलेलं! तुकड्याने नुसतं सांगितलं, राबले शेजारी. अगदी बेडकासारखं!

समितीतले सगळ्यांत कडक गृहस्थ भिंगाला डोळा लावून बसले ते उठेचनात, मागे बाकीचे ताटकळले. उलट निघालं असतं तर काय केलं असतं, असं त्यांनी विचारलं. तेच दाखवलं असतं, म्हटलं. खोलीला आणखी दोन वर्षं मिळाली! लेखाच्या शेवटी आभार मानतात, तिथे तुला घालतेय.

तुझीच,
भिंगरी

२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मामीला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी तिने डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. कांदा घरात नव्हता.

आता खरं सांगतो. तुझं वीस तारखेचं पत्र आलं आणि वाटलं, माझ्या आगाऊपणापायी पोरीची नोकरी जाणार! लगेच लिहिलं की म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नकोस, ती सहा पिल्लं दाखव आणि नोकरी सांभाळ. तिकीट लावलं. टपालपेटीपर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पाकीट घेऊन परत आलो.

तुझ्यावर विश्वास होता म्हणून परत आलो, असं लिहिलं तर तू मला डोक्यावर घेशील. पण तसं नाही. पेटीपाशी उभं राहिल्यावर मनात आलं की हे पत्र टाकलं तर ते तोंड कोणाचं, ते मला मरेपर्यंत कळणार नाही. पणाला नोकरी तुझी लागली होती, आणि उत्तर मला हवं होतं. मामाला हे शोभत नाही. तेव्हा आभारात मला घालू नकोस.

ते पाकीट सोबत धाडतोय. वाच, चार शिव्या घाल, मग राग ओसरला की एवढं कळव: त्या तुकड्याने शेजाऱ्यांना सांगितलं, पण सांगितलं कसं?

शिव्यांसकट लोभ असू दे.

तुझा मामा