मंगळवारी बंद

मार्गशीर्ष वद्य २, रविवार. परतूर

लिहायचं टाळून राह्यलो होतो. वही पिशवीत, पेन्सिल कानावर, आणि रोज उद्या. खरं म्हणजे वही उघडली की ते लिहावं लागणार होतं. लिहितो.

गोदाक्काच्या खानावळीतल्या येसराच्या आमटीचं सगळं मी समोरच्या किसनशेठला सांगून टाकलं. गहू किती, हरभऱ्याची डाळ किती, धने, दगडफूल. मूठभर बाजरी काळी होईस्तोवर भाजायची, ते पण. चोरी म्हणावी तर न्हाई. त्याच्या चहाच्या हॉटेलात बसलो होतो, गरम भजी आली, त्यानं माझ्या अक्षराची तारीफ केली. सुटलं तोंड. सहा महिने अक्काचं येसर मीच दळतो आणि तिथंच जेवतो. मला माहीत न्हाई तर कुणाला?

लग्नाच्या पंगतीतली आमटी रोज मिळते, एवढ्यावर अक्काची खानावळ चालते. जिनिंगचे लोक, गाडीतून उतरलेले लोक, सगळे तिच्याकडं. आता किसनशेठ पण तीच करणार.

वर त्याला पाटी लिहून दिली. अर्धी मराठी, अर्धी उर्दू. येसर आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगोळे, ठेचा. अक्काची पाटी पण माझ्याच हातची. ओळी त्याच, क्रम तोच. डोकं चालवायला नको म्हणून.

वद्य ४, मंगळवार

किसनशेठनं पातेलंभर आमटी केली आणि दुपारपर्यंत एक माणूस आत आला न्हाई. लोक दारापर्यंत यायचे, वर बघायचे, परत फिरायचे. त्याला वाचता येत न्हाई. शेवटी एका मास्तरानं वाचून दाखवलं. शेवटची ओळ, 'मंगळवारी बंद'. हाताच्या सवयीनं ती पण उतरवली होती मी.

"गाढवा, हे कुणी सांगितलं लिहायला?"

"अक्काच्या पाटीवर हाय."

"ती कशापायी बंद ठेवती?"

इथं गप्प बसायचं होतं. न्हाई बसलो. अक्काचा नवरा एका मंगळवारी सकाळी जेवून घराबाहेर पडला, तो आलाच न्हाई. तेव्हापासून मंगळवारी ती चूल पेटवत न्हाई. ठसठशीत कुंकू लावून उंबऱ्यात बसते. बारा वर्षं झाली.

"बारा?" किसनशेठ म्हणाला. "बराबर बारा?"

त्याचा तो आवाज आवडला न्हाई. पण स्टेशनाबाहेर अस्वलवाला आल्ता, डमरू वाजला, गेलो तिकडं. अस्वल म्हातारं होतं. नाचलं न्हाई, नुसतं उभं राहिलं.

वद्य ७, शुक्रवार

किसनशेठची आमटी खाऊन पाहिली. कच्चट. बाजरी धीर धरून भाजत न्हाई तो. पण लोकांना चालते. अक्काकडच्या दोन पंगतींची एक झाली.

अक्कानं पाटी पाहिली. मला वाढताना एवढंच, "बाजरीचं पण सांगितलंस?"

मी ताटावरचा हात मागं घेतला.

"जेव," म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी जात्याशी बसलो तेव्हा आपणहून बोलली. "ह्यांना आमटीत गुळाचा खडा बुडवून लागायचा. आधी खडा चोखायचा, मंग भाकरीला हात. सासरचे हसायचे. त्या किसनला म्हणावं, तेवढं पण कर." आणि स्वतःच हसली.

"अक्का, आले तर?"

"आले तर भाकरी वाढीन का चिमटा हाणीन, अजून ठरलं न्हाई."

गुळाचं किसनशेठला सांगायचं न्हाई. इथं लिहून ठेवतो. सांगायचं न्हाई.

वद्य १२, बुधवार

किसनशेठ आता गिऱ्हाइकांना म्हणतो, "आमचं येसर सवाष्णींनी दळलेलं. तिकडं काय हाय? बारा वर्षं होऊन गेली, ते कुंकू कुणाच्या नावाचं?" अक्काचं येसर दळतो मी, मिशीवाला, हे त्याला माहीत हाय. पण लोक विचार करायला लागतात.

त्यानंच अक्काच्या दिराला गावाकडं सांगावा धाडला. दीर आज आल्ता. पायरीवर उभा राहूनच बोलला. "वहिनी, बारा वर्षं वाट बघून माणूस गेला धरायचा, असा रिवाज हाय. पुढच्या बुधवारी दर्भाचा पुतळा करून आग द्यायची. मंग तुम्ही कुंकू पुसायचं."

अक्का म्हणाली, "आणि खानावळ?"

दीर पायरी उतरून चालू लागला. लग्नाची आमटी विधवेच्या हातची कोण खातो?

हे सगळं माझ्या तोंडातून निघालेलं. माझ्या घरच्यांनी मेंढरांमागं फिरताना मला कधी बोलू दिलं न्हाई, त्याचं उट्टं मी असं काढतो की काय.

पिशवी घेतली, नांदेडला जातो म्हणून स्टेशनावर गेलो. तिथं दोन पैलवानांचा कुस्तीवरून वाद चालला होता, ऐकत बसलो. गाडी गेली. परत आलो.

"गेल्तास ना?" अक्का म्हणाली.

"गेल्तो."

"मंग?"

"गाडी चुकली."

"तुझी कायमच चुकती. दळ."

पौष शुद्ध ३, मंगळवार

उद्या तो दिवस. दर्भ येऊन पडलाय.

किसनशेठनं पाटीवरची शेवटची ओळ ओल्या फडक्यानं पुसली. आजपासून मंगळवारी चालू. दुपारची गाडी आली. माणसं आधी इकडं आली, थंड चूल बघितली, समोर गेली. पौषात लग्नं न्हाईत, तरी समोर लग्नासारखी गर्दी.

अक्का उंबऱ्यात. कुंकू रोजच्यापेक्षा मोठं. मी शेजारी बसून हे लिहून राह्यलो. तिनं विचारलं, "काय खरडतोस?" म्हटलं, काही न्हाई.

किसनशेठ रस्ता ओलांडून येताना दिसला. हातात रिकामी वाटी. भांडायला येतोय वाटलं. पण पायरीखाली थांबला, जरा ओशाळा.

"अक्का, तुमच्याकडं गूळ हाय का? थोडा द्या. गाडीतून उतरलेलं एक गिऱ्हाईक अडून बसलंय. अर्धं म्हातारं. बाजरी कच्ची हाय म्हणतंय, आणि गुळाचा खडा दिल्याबिगर भाकरीला हात लावत न्हाई."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. न्हाई अक्का. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.