शंखाचं तोंड

१२ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण शिडी चढण्यापुरता शाबूत आहे. तुझ्या शाळेतल्या प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या असतील. वहिनी तुझी आठवण काढते. मी काढत नाही असा तिचा समज आहे.

ग्रंथालयाच्या दर्शनी काचेचं काम संपलं, शुक्रवारी उद्घाटन. आणि मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून चार वेळा तिथे जाऊन आलो. ग्रंथपाल म्हणाले, आता काच तरी दमेल.

ते दोनशे वर्षांपूर्वीचं चित्रांचं पुस्तक हाती आलं आणि मी बिघडलो, हे तुला ठाऊकच आहे. वीस वर्षं ‘दंतवैद्य, पहिला मजला’ आणि ‘आत ढकला’ रंगवणारा माणूस मी. त्या पुस्तकात पंपाचा उभा छेद, पिसवेचा पाय, आणि तो शंख. सावलीसाठी कुठेही काळं फासलेलं नाही. केसाएवढ्या रेषा, त्या जवळ येत गेल्या की गोलाई आपोआप फुगते. एकशे बारा रेषा मोजून मी काचेवर उतरवल्या. आतून, म्हणजे उलट्या, रस्त्यावरून सुलट दिसाव्यात म्हणून. उलटं काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, एवढं तू मान्य करशील.

मग तू शिडी सोडून रस्त्यावरून पाहून आलीस आणि ग्रंथपालांसमोर म्हणालीस, “दादा, शंखाचं तोंड डावीकडे आलंय. खऱ्याचं उजवीकडे असतं.” पुढे मी काय बोललो ते लिहीत नाही.

जाताना तू ब्रशांच्या डब्यात टाकलेला खरा शंख मी तीन आठवडे नुसता बाजूला सारत होतो. काल तो घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. त्याचं तोंड उजवीकडे, काचेवरच्याचं डावीकडे. मग पुस्तकाच्या पानाला भिंग लावलं. मूळ चित्र कोरणाऱ्याने छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर शंख दिसला तसाच कोरला, छापल्यावर तो उलटला. खाली त्याचं नाव मात्र सुलट आहे, म्हणजे अक्षरं उलटी कोरायला गडी विसरला नव्हता. अक्षरांत पंडित, शंखात गाढव. आणि मी? माझा शंख आतून पाहिला तर अगदी बरोबर दिसतो. मी सगळा वेळ आतच उभा होतो.

ग्रंथपाल म्हणतात, राहू द्या, कोणाला कळतंय? तुला कळलं होतं. आज पातं घेऊन निम्मा शंख खरवडून आलो, उरलेला उद्या.

“शिडी धरायला आलेल्यांनी शिडीच धरावी,” असं मी म्हणालो होतो. लिहिलं एकदाचं.

शुक्रवारच्या आत पुन्हा एकशे बारा रेषा. तोंडाची कड तू बाहेरून तेलखडूने आखून दे, मी आतून तिच्यामागे जाईन. जागा उंच आहे, तुला शिडीवर चढावं लागेल. ती कोण धरणार, हे विचारू नकोस.

शिडीचा पाय धरून खाली उभा,
तुझा दादा